कलेक्शन मेथडमधील कार्यक्षमतेचे धोके आणि त्यांच्या नोंदींचा इतिहास : सी प्लस प्लस व जावा यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

प्रोग्रामिंग भाषेसोबत तयार आज्ञावलींचा जो संग्रह दिला जातो, त्यास लायब्ररी असे म्हणतात. त्यातील कलेक्शन क्लास अनेक घटक एकत्र साठवतात आणि त्यांच्या मेथड घटक जोडणे, काढणे, शोधणे, मोजणे अशी कामे करतात. मेथड योग्य उत्तर देते, एवढे सांगितल्याने तिचे वर्णन पूर्ण होते काय? की त्या उत्तरासाठी किती वेळ लागेल, हेही सांगणे लायब्ररीकाराचे कर्तव्य ठरते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने विचार केला आहे.

खर्चाची भाषा :

घटकांच्या संख्येनुसार वेळ कसा वाढतो, हे दर्शविणारे ‘बिग ओ’ हे चिन्ह जर्मन गणितज्ञ पॉल बाखमान यांनी 1894 मध्ये अंकशास्त्रात वापरले. डोनाल्ड क्नुथ यांनी 1976 मधील लेखात संगणकशास्त्रासाठी अशा चिन्हांचे अर्थ निश्चित करण्याचा आग्रह धरला. घटक कितीही असले तरी वेळ वाढत नसेल तर ‘स्थिर वेळ’ आणि घटकांच्या प्रमाणात वाढत असेल तर ‘रेषीय वेळ’, ही परिभाषा अभ्यासक्रमांत रुळली. परंतु लायब्ररीच्या दस्तऐवजांत तिला स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला.

सी प्लस प्लस : शिफारस आणि बंधन

अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विकसित केलेली स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी 1994 मध्ये सी प्लस प्लसच्या प्रमाण समितीने स्वीकारली. क्रियेचा खर्च हा तिच्या व्याख्येचाच भाग असला पाहिजे, अशी स्टेपानोव्ह यांची भूमिका होती. त्यामुळे 1998 च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात मेथडच्या अर्थाबरोबर तिच्या खर्चाची मर्यादाही नोंदविली गेली.

तथापि एक जागा सैल राहिली. साखळी-यादीतील घटक मोजणारी ‘साइझ’ ही मेथड स्थिर वेळेत चालावी, अशी केवळ शिफारस होती; ते बंधन नव्हते. एका यादीचा तुकडा दुसऱ्या यादीस स्थिर वेळेत जोडावयाचा, तर त्या तुकड्यातील घटक मोजता येत नाहीत. आणि संख्या सदैव तयार ठेवावयाची, तर जोडणी महाग होते. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीने जोडणी स्वस्त ठेवली व दर वेळी घटक मोजणे पत्करले. परिणामी, यादी रिकामी आहे काय, हे ‘साइझ’ने तपासणारा साधा प्रोग्रामही मोठ्या यादीवर मंदावे. स्कॉट मेयर्स यांनी 2001 च्या पुस्तकात अशा तपासणीसाठी ‘एम्प्टी’ ही मेथड वापरण्याचा सल्ला दिला. पुढे 2011 च्या प्रमाणाने ‘साइझ’साठी स्थिर वेळ बंधनकारक केला. जीसीसीच्या लायब्ररीत हा बदल 2015 मधील पाचव्या आवृत्तीत आला.

जावा : समान नाव, असमान खर्च

जावाची कलेक्शन रचना जोशुआ ब्लॉक यांच्या नेतृत्वाखाली घडली व 1998 च्या 1.2 आवृत्तीत आली. ‘लिस्ट’ या एकाच इंटरफेसखाली अॅरेलिस्ट व लिंक्डलिस्ट हे दोन भिन्न क्लास वावरतात. दोहोंतही ‘गेट’ ही मेथड क्रमांकानुसार घटक देते. अॅरेलिस्ट तो थेट काढते, तर लिंक्डलिस्टला जवळच्या टोकापासून चालत जावे लागते. 1,00,000 घटक क्रमाने वाचावयाचे असल्यास पहिलीला 1,00,000 वेळा थेट घटक काढावा लागतो, तर दुसरीला सुमारे 250 कोटी पावले चालावी लागतात. दस्तऐवजात याचा इशारा होता. 2002 च्या 1.4 आवृत्तीत ‘रँडमअॅक्सेस’ हा खूण-इंटरफेस आल्याने तो भेद प्रोग्रामलाही ओळखता येऊ लागला.

‘रिमूव्हऑल’चे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. हॅशसेटमधून एखाद्या यादीतील घटक वगळताना ही मेथड आधी दोहोंचे आकारमान पाहते. सेट मोठा असेल तर ती यादीवरून फिरते व प्रत्येक घटक सेटमधून चटकन काढते. सेट लहान असेल तर ती सेटवरून फिरते व प्रत्येक घटकासाठी यादी धुंडाळते. दोन्हींत सुमारे 1,00,000 घटक असून एकही समान नसेल, तर तुलना 1000 कोटींच्या घरात जातात. दस्तऐवजात ही कार्यपद्धती प्रामाणिकपणे लिहिलेली होती, मात्र तिचा परिणाम वाचकानेच ताडावयाचा होता. दहा घटकांच्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही.

गृहीतकाचा भंग :

हॅशमॅपच्या दस्तऐवजात स्थिर वेळेचे आश्वासन घटकांची विभागणी समान होते, या गृहीतकावर दिलेले आहे. स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलॅक यांनी 2003 मध्ये दाखविले की, हेतुपुरस्सर निवडलेल्या नोंदी पाठवून हे गृहीतक मोडता येते व सर्व्हर ठप्प करता येतो. 2011 च्या डिसेंबरमध्ये बर्लिन येथील परिषदेत जावा, पीएचपी आदींवरील वेबसेवांबाबत हाच धोका पुन्हा मांडला गेला. 2014 च्या जावा 8 मध्ये एका कप्प्यात फार नोंदी साचल्यास त्यांचे संतुलित वृक्षात रूपांतर करण्याची सोय झाली. याचा अर्थ, खर्चाविषयीची अट हा सुरक्षिततेचाही प्रश्न होता.

निष्कर्ष :

1. समान इंटरफेसमुळे प्रोग्राम लिहिणे सुलभ होते, पण खर्चातील भेद झाकला जातो.
2. शिफारशीच्या स्वरूपातील नोंद पुरेशी ठरत नाही. सी प्लस प्लसमध्ये तिचे बंधन होण्यास 13 वर्षे लागली.
3. कार्यपद्धतीची नोंद आणि परिणामाची नोंद या दोन भिन्न बाबी आहेत. वापरकर्त्यास दुसरीची गरज अधिक असते.

समारोप :

लायब्ररीतील बदल अनेकदा शक्य नसतो, कारण असंख्य जुने प्रोग्राम तिच्या वर्तनावर विसंबून असतात. अशा वेळी स्पष्ट नोंद हाच वापरकर्त्याचा आधार उरतो. आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिक परीक्षांत उत्तर बरोबर आले की गुण दिले जातात. विद्यार्थ्यास मेथडच्या नावाबरोबर तिच्या खर्चाची नोंद वाचावयास लावणे, ही या इतिहासाने शिक्षकांवर टाकलेली जबाबदारी होय.