आठवड्यातील एक मोकळा दिवस

धंदा म्हटला म्हणजे भांडवल, दुकान, गुमास्ते आणि दारावरची पाटी ह्या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञा लिहून विकण्याचा जो धंदा आज सॉफ्टवेअर ह्या नावाने सर्वांस परिचित आहे, त्याला आरंभी ह्यांपैकी कशाचीच फारशी गरज लागली नाही. कच्चा माल नाही, कोठार नाही, मजूर नाहीत; लागे तो वेळ, आणि तोही पोटाच्या नोकरीतून उरलेला असला तरी चाले. म्हणूनच ह्या धंद्याच्या पहिल्या दिवसांत नोकरी सांभाळून रात्री आणि सुटीच्या दिवशी काम करणारी माणसे जागोजाग भेटतात. त्यांपैकी एका अध्यापकाची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. परंतु ती बहुधा शेवटाकडून सांगितली जाते, आणि त्यामुळे त्या माणसावर थोडा अन्यायच झाला आहे.

गॅरी किल्डॉल ह्यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल ह्या बंदराच्या शहरी झाला. घराण्याचा व्यवसाय शिक्षकाचाच, मात्र शाळा नेहमीची नव्हे. तेथे खलाश्यांना नौकानयनाचे गणित शिकवीत. ताऱ्यांचे वेध घेऊन आणि कोष्टके चाळून समुद्रावर आपले जहाज कोठे आहे हे काढण्याची ती आकडेमोड मोठी किचकट असते. ती आपोआप करून देणारे एखादे यंत्र असावे अशी किल्डॉल ह्यांच्या वडिलांची फार दिवसांची इच्छा होती. मुलगाही काही काळ त्या शाळेत शिकवीत होता. पुढे गणिताचा शिक्षक व्हावे ह्या हेतूने तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तेथे संगणकाच्या नादी लागला. त्या काळी व्हिएतनामचे युद्ध चालू होते व तरुणांना लष्करी सेवा चुकत नसे. किल्डॉल ह्यांना ती सेवा रणभूमीवर न करता वर्गात करण्याची संधी लाभली. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाचे एक उच्च शिक्षणाचे विद्यालय आहे. तेथे ते संगणकशास्त्र शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी डॉक्टरेटही मिळविली. शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह ह्या समुद्रकाठच्या लहानशा गावी बिऱ्हाड, पत्नी डोरोथी आणि दोन मुले, असा त्यांचा संसार होता.

१९७१ च्या अखेरीस इंटेल ह्या कंपनीने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. संगणकाचे गणित करणारे अंग नखाहून लहान तुकड्यावर बसविलेले, आणि किंमत सामान्य अध्यापकाला परवडेल इतकी. किल्डॉल ह्यांना वडिलांच्या यंत्राची आठवण झाली. ह्या इवल्याशा तुकड्याकडून त्रिकोणमिती करवून घेता येईल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी विद्यालयाच्या मोठ्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली. ती इंटेलच्या लोकांना दाखविल्यावर त्यांनी ह्या मास्तरांस सल्लागार म्हणून आठवड्यातून एक दिवस बोलाविण्यास सुरुवात केली. चार दिवस वर्ग आणि एक दिवस सत्तर-पाऊणशे मैलांवरचा कारखाना, असा क्रम सुरू झाला. तेथे त्यांनी पी.एल.एम. नावाची संगणकाची भाषा तयार केली. इंटेलने वापरावयास दिलेली यंत्रे त्यांनी आपल्या वर्गाच्या मागल्या भागात मांडून ठेविली व विद्यार्थ्यांस खुली केली. खऱ्या शिक्षकाचे हे एक लक्षण म्हणावयास हरकत नाही. हातात आलेली नवी वस्तू तो आधी मुलांपुढे ठेवतो.

परंतु त्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. लिहिलेले साठवून ठेवावयाचे कोठे? तेव्हा भोके पाडलेल्या कागदी फितीवर आज्ञा उतरवून घेत आणि ती फीत पुनः पुनः यंत्रातून ओढीत. काम मुंगीच्या पावलाने चाले. फ्लॉपी नावाची चुंबकीय चकती नुकतीच निघाली होती, परंतु ती मोठ्या संगणकांसाठी. शुगार्ट ह्या कंपनीत तिची यंत्रे झिजेपर्यंत चालवून पाहत. असे चाचणीत झिजलेले एक यंत्र किल्डॉल ह्यांनी मिळविले. ते लहान संगणकाला जोडण्याचे विद्युत्-मंडळ मात्र त्यांच्या हातून साधेना. आज्ञा लिहिण्यात पारंगत असलेला हा माणूस तारा जोडण्यात कच्चा होता. सुमारे वर्षभर ते यंत्र तसेच पडून राहिले. अखेर विद्यापीठातील जुने स्नेही जॉन टोरोड ह्यांनी ते मंडळ तयार करून दिले, आणि १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथील घरामागच्या अवजारांच्या खोपटात चकतीवरून संगणकाने प्रथम उत्तर दिले.

चकतीवर काय कोठे लिहिले आहे ह्याची नोंद ठेवणारी आणि मागेल ते हुडकून देणारी जी आज्ञावली किल्डॉल ह्यांनी ह्यासाठी रचली होती, तिचे नाव सी.पी.एम. ग्रंथालयात ग्रंथपालाचे जे काम, तेच ह्या आज्ञावलीचे. आज तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती त्यांनी प्रथम इंटेललाच देऊ केली, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. नोकरी करता करता केलेल्या कामावर मालकी कोणाची, हा प्रश्न जोडधंद्याच्या मुळाशी सदैव असतो, आणि तो सोडविण्याचा सरळ मार्ग म्हणजे ज्याची यंत्रे वापरली त्याला आधी विचारणे. इंटेलने भाषा ठेवून घेतली आणि सी.पी.एम. नको म्हटले. चिप विकणाऱ्यांस ग्रंथपालाचे महत्त्व वाटले नाही. अशा रीतीने ती वस्तू किल्डॉल ह्यांच्याजवळ राहिली.

तिचा एक आरंभीचा उपयोग आपल्याकडील वाचकांस गंमतीचा वाटेल. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या बेन कूपर नामक गृहस्थांनी नाणे टाकताच भविष्य छापून देणारे यंत्र काढले होते. गिऱ्हाइकाने कळ फिरवून जन्मतारीख लावावी आणि कागदावर भविष्य हाती घ्यावे. त्याच्या आज्ञा किल्डॉल ह्यांनी लिहिल्या, आणि पुढे सी.पी.एम. मध्ये आलेल्या काही आज्ञा प्रथम त्यातच वापरल्या गेल्या. यंत्र चालले नाही. दुसऱ्यांचे भविष्य सांगणाऱ्या त्या पेटीला स्वतःचे भविष्य कळले नसावे.

पुढे पतिपत्नींनी घरातूनच सी.पी.एम. विकावयास आरंभ केला. कंपनीचे नाव ठेविले इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे तारकामंडलांच्या पलीकडेही शाखा असलेली पेढी. प्रत्यक्षात पेढी राहत्या घरात. १९७६ साली मासिकांत जाहिरात दिली ती सत्तर डॉलर किंमतीची. व्यवहाराची बाजू डोरोथीबाई पाहत. व्यवहारात त्या आपले माहेरचे मॅकईवन हे आडनाव लावीत. इतिहासकारांनी त्यांच्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. वर्ग सांभाळून आज्ञा लिहिणारा माणूस पत्रांना उत्तरे देत नाही आणि करारही करीत नाही. ते कोणीतरी करावेच लागते.

किंमत काय घ्यावी ह्याचा अंदाज मात्र दोघांनाही नव्हता. ग्नॅट नावाच्या एका कंपनीने नव्वद डॉलर भरून आपल्या हव्या त्या यंत्रात सी.पी.एम. घालण्याचा परवाना मिळविला. वर्षभरातच तसल्या परवान्याची किंमत हजारांच्या घरात गेली. १९७७ साली इमसाय कंपनीच्या सेमूर रुबिनस्टाइन ह्यांनी पंचवीस हजार डॉलरांत सौदा केला, तेव्हा घरच्यांना ते घबाड वाटले असल्यास नवल नाही. रुबिनस्टाइन मात्र मागाहून म्हणत, की ती जवळजवळ लूटच होती. प्रत्येक प्रतीमागे थोडे थोडे घेतले असते तरी किल्डॉल कितीतरी अधिक मिळविते.

इमसायच्या ह्या व्यवहारातून पैशापेक्षा मोठी एक गोष्ट निष्पन्न झाली. प्रत्येक कारखानदाराचे यंत्र निराळे, चकती निराळी, जोडणी निराळी. प्रत्येक वेळी सगळी आज्ञावली उघडून बदलावयाची. ज्याच्यापाशी पगारी माणसांचा ताफा असतो तो अशी कामे करवून घेतो. किल्डॉल ह्यांच्यापाशी तो नव्हता आणि ते ह्या फेरफारांना कंटाळले होते. इमसायच्या ग्लेन युइंग ह्यांच्यासाठी काम करताना त्यांनी यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून एका लहानशा प्रकरणात कोंडला आणि त्याला बायॉस हे नाव दिले. आता यंत्र करणाऱ्याने तेवढे प्रकरण आपले आपण लिहावे. बाकीच्या ग्रंथाला हात लावावयास नको. वरवर पाहता ही काम वाचविण्याची युक्ती, परंतु तिच्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालू लागली, आणि सॉफ्टवेअर ही यंत्रापासून निराळी, स्वतंत्र विकता येण्याजोगी वस्तू ठरली. सी.पी.एम. च्या आधारावर शेकडो लहान माणसांनी आपापले धंदे उभारले. स्वतः रुबिनस्टाइन ह्यांनी इमसाय सोडून वर्डस्टार हे लेखनाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. फावल्या वेळेची टंचाई नसती तर हे विभाजन कोणीतरी केव्हातरी केलेच असते. पण ते त्या टंचाईतून झाले हे खरे.

धंदा वाढला तशी नोकरी सुटली आणि कंपनी घरातून लाइटहाउस अॅव्हेन्यूवरील एका जुन्या घरात गेली. १९८१ पर्यंत सी.पी.एम. चे अडीच लक्षांहून अधिक परवाने विकले गेले होते. मात्र कारभाराची रीत पुष्कळशी जुनीच राहिली.

येथे ती प्रसिद्ध कथा येते. १९८० साली आय.बी.एम. ह्या बलाढ्य कंपनीची माणसे आपल्या नव्या लहान संगणकासाठी सी.पी.एम. मागावयास पॅसिफिक ग्रोव्हला आली, तेव्हा किल्डॉल विमान उडवीत मजा करीत होते आणि त्या लहरीपायी राज्य गमावून बसले, असे सांगतात. वस्तुस्थिती अशी, की ते एका गिऱ्हाइकाकडे, बिल गॉडबाउट ह्यांच्याकडे, आपल्या विमानाने कामासाठी गेले होते. करारमदार नेहमीप्रमाणे डोरोथीबाईंकडे होते. आय.बी.एम.च्या माणसांनी प्रथम गुप्ततेचा एकतर्फी कागद पुढे ठेविला. त्यावर वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून सही करण्यास त्या राजी झाल्या नाहीत. आंधळेपणाने सही न करणे ह्यात कोणता गुन्हा आहे, हे सांगणे कठीण. दुपारी किल्डॉल परतले. पुढे काय बोलणे झाले ह्याविषयी दोन्ही बाजूंच्या हकीकती जुळत नाहीत. अडले ते पैशाच्या रीतीवर. आय.बी.एम.ला एकरकमी किंमत देऊन मोकळे व्हावयाचे होते. किल्डॉल ह्यांना प्रत्येक प्रतीमागे रक्कम हवी होती. इमसायचा धडा ते शिकले होते, पण तो चुकीच्या गिऱ्हाइकापुढे म्हणून दाखविला.

त्याहूनही महत्त्वाचे कारण निराळे होते. नव्या १६ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरसाठी सी.पी.एम. ची आवृत्ती वेळेवर तयार नव्हती. ती येईना म्हणून सिएटलच्या एका कारखान्यातील टिम पॅटर्सन ह्या तरुणाने तिच्याच वळणाची आज्ञावली स्वतः लिहिली. मायक्रोसॉफ्टने १९८१ च्या जुलैत तिचे सर्व हक्क पन्नास हजार डॉलरांस घेतले व ती आय.बी.एम.ला पुरविली. किल्डॉल ह्यांनी साम्याबद्दल तक्रार केली तेव्हा आय.बी.एम.ने सी.पी.एम. ही विकावयास ठेविली. पण एक चाळीस डॉलरांस आणि दुसरी दोनशे चाळीस डॉलरांस. गिऱ्हाइकाने काय निवडले हे सांगावयास नको.

किल्डॉल ह्यांची कंपनी १९९१ साली नोव्हेल ह्या कंपनीने विकत घेतली. ह्या दरम्यान त्यांनी कॉम्प्युटर क्रॉनिकल्स ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात काही वर्षे सहनिवेदकाचे काम केले. नवी यंत्रे हाती घेऊन ती लोकांस समजावून सांगणे हा त्याचा विषय, म्हणजे पुनः शिक्षकाचेच काम. ११ जुलै १९९४ रोजी माँटेरे येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहून ठेविलेल्या आठवणींचा आरंभीचा भाग कुटुंबीयांच्या अनुमतीने २०१६ साली प्रसिद्ध झाला. लाइटहाउस अॅव्हेन्यूवरील त्या घरापाशी विद्युत्-अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१४ साली स्मारकाची पट्टी बसविली आहे. तीत १९७४ हे वर्ष दिले आहे, आणि बायॉसचा उल्लेख आहे, विमानाचा नाही.