मॉरिस वर्म

मॉरिस वर्म हा इंटरनेटवरून मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या सुरुवातीच्या संगणकीय कृमींपैकी सर्वांत प्रसिद्ध कृमी होय. २ नोव्हेंबर १९८८ रोजी संध्याकाळी तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, येथील एका संगणकावरून सोडण्यात आला. काही तासांतच देशभरातील विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी प्रयोगशाळा यांचे संगणक त्याच्या भाराखाली मंदावले किंवा बंद पडले. त्याचा कर्ता रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राचा पहिल्या वर्षाचा पदव्युत्तर विद्यार्थी होता. विद्यापीठांच्या संगणक जाळ्यांच्या संरक्षणाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते.

वृत्तपत्रांनी त्याला सर्रास 'विषाणू' म्हटले. मात्र विषाणू दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीला चिकटून राहतो, तर कृमी स्वतंत्रपणे चालतो आणि स्वतःच्या प्रती स्वतःच दुसऱ्या यंत्रांवर पाठवतो. या व्याख्येनुसार मॉरिसची आज्ञावली कृमीच ठरते.

पार्श्वभूमी

१९८८ साली इंटरनेटला सुमारे ६०,००० संगणक जोडलेले होते, असे मानले जाते. त्यांतील फार मोठा भाग विद्यापीठांचा होता. एका विभागाच्या संगणकावर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला शेजारच्या यंत्रावर पुन्हा संकेतशब्द द्यावा लागू नये, अशी सोय सर्वत्र केलेली असे. संशोधकांची ये-जा सुलभ व्हावी हा तिचा हेतू होता. परस्परविश्वासावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेत बाहेरच्या हल्ल्याचा विचार फारसा झालेला नव्हता.

प्रसाराची पद्धत

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीवर चालणारी व्हॅक्स यंत्रे आणि सन कंपनीची सन-३ यंत्रे हे कृमीचे लक्ष्य होते. शिरकावासाठी तो अनेक मार्ग वापरत असे. 'सेंडमेल' या टपाल हाताळणाऱ्या आज्ञावलीत चाचणीसाठी ठेवलेली 'डीबग' ही सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती. तिच्यामुळे पत्त्याच्या जागी आज्ञा लिहून ती दूरच्या यंत्राकडून पार पाडून घेता येई. दुसरा मार्ग 'फिंगर' या सेवेचा होता. वापरकर्त्यांची माहिती देणारी ही सेवा आलेल्या मजकुराची लांबी तपासत नसे. तिच्यासाठी राखलेल्या ५१२ बाइटच्या जागेत मावणार नाही इतका मजकूर पाठवला की उरलेला भाग स्मृतीतील पुढच्या जागेवर लिहिला जाई. अशा रीतीने व्हॅक्स यंत्राचा ताबा मिळवता येत असे. सन यंत्रांवर मात्र ही युक्ती चालली नाही.

तिसरा मार्ग संकेतशब्दांचा होता. त्या काळी संकेतशब्दांची सांकेतिक रूपे कोणालाही वाचता येणाऱ्या फाइलमध्ये ठेवलेली असत. कृमी प्रथम वापरकर्त्याचे नाव, ते उलट क्रमाने आणि अशीच काही सोपी रूपे आजमावून पाही. त्यानंतर स्वतःजवळची ४३२ शब्दांची यादी आणि शेवटी यंत्रावरचाच शब्दकोश वापरी. एक संकेतशब्द सापडला की परस्परविश्वासाच्या वरील सोयीमुळे पुढची यंत्रे आपोआप खुली होत. मॉरिसचे वडील रॉबर्ट मॉरिस यांनीच केन थॉम्प्सन यांच्यासह १९७९ साली युनिक्समधील संकेतशब्दांच्या सुरक्षेवर शोधनिबंध लिहिला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. घटनेच्या वेळी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत कार्यरत होते.

कृमी फाइली पुसत नव्हता किंवा माहिती बदलत नव्हता. नुकसान झाले ते त्याच्या संख्येमुळे. यंत्रावर आधीच प्रत चालू असल्यास नवी प्रत थांबावी, अशी योजना होती. परंतु व्यवस्थापक खोटे उत्तर देऊन कृमीला फसवतील, या शंकेने सातांपैकी एका वेळी प्रत न थांबता चालू राहावी, असे मॉरिसने ठरवले. एकाच यंत्रावर हा प्रश्न किती वेळा विचारला जाईल, याचा त्याचा अंदाज साफ चुकला. युटा विद्यापीठातील एका यंत्रावर रात्री नऊच्या सुमारास एरवी सरासरी भार १ च्या आसपास असे. त्या रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी तो ३७ झाला होता. तत्पूर्वी व्यवस्थापकांनी सर्व प्रती नष्ट केल्या होत्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरूही केले होते. शेजारची यंत्रे बाधित असल्याने काही मिनिटांतच पुन्हा लागण झाली.

विद्यापीठांतील प्रतिकार

या कृमीविरुद्धचा लढा मुख्यतः विद्यापीठांतील व्यवस्थापक आणि संशोधक यांनीच दिला. त्या आठवड्यात बर्कली येथे युनिक्सची वार्षिक कार्यशाळा भरलेली असल्याने अनेक जाणकार एकत्र होते. ३ नोव्हेंबरच्या पहाटे बर्कलीच्या कीथ बॉस्टिक यांनी सेंडमेलमधील दोष दूर करणारी दुरुस्ती प्रसृत केली. कृमी प्रत्येक यंत्रावर स्वतःचा एक छोटा भाग सी भाषेच्या संकलकाकडून तयार करून घेत असल्याने, संकलकाचे नाव तात्पुरते बदलावे, असाही उपाय सुचवण्यात आला. पर्ड्यू विद्यापीठात आणखी एक सोपा प्रतिबंधक उपाय सापडला. बर्कली आणि एमआयटी येथील गटांनी यंत्रभाषेतील कृमी उलगडून त्याचे कार्य समजून घेतले.

खरी अडचण हे उपाय पोहोचवण्याची होती. घाबरलेल्या अनेक संस्थांनी आपले जाळे इंटरनेटपासून तोडले. ३ नोव्हेंबरला लष्करी जाळे 'मिलनेट' हेदेखील आर्पानेटपासून तात्पुरते अलग करण्यात आले. ज्या तारांवरून कृमी येत होता त्यांच्यावरूनच दुरुस्तीही येणार होती. त्यामुळे जोडणी तोडणाऱ्या संस्थांना ती उशिरा मिळाली, आणि कोणाला दूरध्वनी करावा याची यादी बहुतेकांकडे नव्हती. मॉरिसच्या हार्वर्डमधील एका मित्राने पहाटेच उपायांसह निनावी संदेश पाठवला होता. तोही टपालव्यवस्था कोलमडल्यामुळे वेळेवर कोणाच्या उपयोगी पडला नाही.

बाधित संगणकांची ६,००० ही संख्या सर्वत्र उद्धृत केली जाते, पण ती मोजणीतून आलेली नाही. एकूण ६०,००० संगणकांपैकी सुमारे १० टक्के बाधित झाले असावेत, या ढोबळ तर्कावर ती आधारलेली आहे. आर्थिक हानीबाबत अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दिलेला अंदाजही १ लाख ते १ कोटी डॉलर इतका सैल आहे.

खटला

१९८६ च्या संगणक फसवणूक व गैरवापर कायद्याखाली १९८९ मध्ये मॉरिसवर आरोप ठेवण्यात आले. जानेवारी १९९० मध्ये तो दोषी ठरला. त्याला तुरुंगवास न होता तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. हानी करण्याचा हेतू नव्हता, हा बचाव १९९१ मध्ये अपील न्यायालयाने अमान्य केला. परवानगीविना प्रवेश करण्याचा हेतू पुरेसा आहे, असे न्यायालयाचे मत होते. मॉरिस पुढे एमआयटीमध्येच प्राध्यापक झाला.

परिणाम

घटनेनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९८८ मध्ये, अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीला प्रतिसाद देणारे 'सर्ट' हे केंद्र स्थापन केले. पुढे अनेक देशांनी याच धर्तीवर यंत्रणा उभारल्या. भारताची 'सर्ट-इन' ही संस्था जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे. युनिक्स प्रणालींत संकेतशब्दांची सांकेतिक रूपे केवळ व्यवस्थापकाला वाचता येतील अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ झाली. स्मृतीच्या मर्यादेबाहेर मजकूर लिहिला जाण्याचा दोष मात्र टिकून राहिला. २००१ मधील 'कोड रेड' आणि २००३ मधील 'स्लॅमर' हे कृमी याच प्रकारच्या दोषाचा फायदा घेऊन पसरले.