मानवी कंपोस्टिंग म्हणजे काय?

ग्रामीण महाराष्ट्रात अंत्यविधीला जाण्याला ‘मातीला जाणे’ म्हणतात. दहन असले तरी शब्द तोच. चितेतून मात्र माती होत नाही. कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातात. उरते ती मुख्यतः हाडांतील कॅल्शियम फॉस्फेटची रक्षा.

मानवी कंपोस्टिंगमध्ये देह बंद पात्रात लाकडाचे तुकडे, लसूणघास आणि पेंढा यांत ठेवतात व हवा खेळती ठेवतात. जिवाणूंच्या कामामुळे तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि बहुतेक रोगजंतू मरतात. उरलेली हाडे यंत्राने बारीक करून पुन्हा मिसळतात. काही आठवड्यांत सुमारे पाऊण घनमीटर माती तयार होते. खोल पुरलेल्या देहाला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून तो कुजायला वर्षे लागतात.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये या पद्धतीला कायदेशीर मान्यता दिली.

आपल्याकडे एका चितेला साधारण 400 ते 500 किलो लाकूड लागते. मुळशीतील मुठा गावच्या परिसरातून येणारी मुठा नदी खडकवासला धरणाला मिळते आणि ते पाणी पुणेकर पितात. त्यामुळे रक्षा नदीत न सोडता शेतात, भरपूर मातीत मिसळून झाड लावणे हिताचे. त्याने नदी वाचते. लाकडाचा प्रश्न मात्र उरतोच.