गोलात उभा राहणारा

आमच्या शाळेचा हॉकी संघ यंदा आंतरशालेय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात एका गोलने हरला. अशा हारजितीची वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमीही येत नाही, आणि येऊ नये हेही खरेच. पण त्या संध्याकाळी मैदानावरून परतताना मुलांच्या तोंडून जे ऐकले, ते मनातून जाईना. कर्णधार मला म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी आपण नक्की जिंकतो. फक्त गोलकीपर तेवढा बदला."

ज्याच्याविषयी हे बोलणे चालले होते तो नववीतला मुलगा पॅडची पिशवी खांद्यावर टाकून दहा पावले मागून येत होता. त्याने ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला येईनासा झाला.

मी इतिहासाचा शिक्षक. कुणी वर्तमानाविषयी काही विचारले की उत्तर सनावळीत शोधायचे, ही आमच्या जातीची खोड. शिवाय मी हॉकीचा जुना चाहता. १९८० साली मॉस्कोला भारताने अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असे हरवले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. घरातल्या रेडिओभोवती जमलेली गर्दी अजून डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर दर हंगामाला आशा धरायची आणि दर हंगामाला ती गुंडाळून ठेवायची, असे माझ्या पिढीचे चालत आले. चार दशकांच्या या चाकरीत एक गोष्ट मात्र ध्यानात आली. आम्ही चाहते आशा धरतो ती नेहमी गोल करणाऱ्याच्या भरवशावर, आणि हरलो की बोट दाखवतो ते गोल वाचवणाऱ्याकडे.

पहिल्यापासून हे असेच आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, ते पाच सामन्यांत २९ गोल करून. त्यांतले १४ ध्यानचंदांचे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. पण त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही, आणि आपल्या गोलात रिचर्ड ॲलन नावाचा खेळाडू उभा होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून आज एका गोलरक्षकाची हकिकत सांगायची आहे. तिचा आपल्या बेळगावशीही धागा जुळलेला आहे.

इंदूरजवळ महू नावाची लष्करी छावणी आहे. इंग्रजी अमदानीपासून तिथे पलटणी असत. याच महूत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. छावणी म्हटली की मैदाने आली, आणि मैदानांबरोबर हॉकी आली. १९४८ साली लंडनमध्ये स्वतंत्र भारताने पहिले सुवर्ण जिंकले, त्या संघाचे कर्णधार किशनलाल हे महूचेच. तिथेच ७ जुलै १९३३ रोजी शंकर लक्ष्मण यांचा जन्म झाला. शिक्षण अर्धवट सोडून १९४७ साली ते सैन्यात भरती झाले, ते बँडवाले म्हणून. लहानपणी त्यांचा ओढा फुटबॉलकडे होता. हॉकी त्यांना सैन्याने दिली. आणि ज्या रेजिमेंटचे म्हणून ते पुढे ओळखले गेले ती म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. तिचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. कॅम्पातून जाताना ज्या फाटकावरून आपण रोज सायकल किंवा स्कूटर हाकतो, त्या फाटकाआडच्या रेजिमेंटचा हा माणूस.

१९५६ साल उजाडले. सीमाभागातल्या माणसाला त्या वर्षाची वेगळी आठवण करून द्यायला नको. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, आणि आपल्या कितीतरी घरांत त्या वर्षी दिवाळी गोड लागली नाही, असे वडीलधारी मंडळी सांगत. पुढल्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, मेलबर्नला भारत आणि पाकिस्तान हॉकीच्या अंतिम सामन्यासाठी समोरासमोर उभे राहिले. महूत जन्मलेल्या बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले तोही हाच दिवस. मेलबर्नला महूचाच दुसरा मुलगा भारताच्या गोलात उभा होता. रणधीरसिंग जंटल यांच्या एकमेव गोलावर भारत १-० असा जिंकला. सबंध स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकही घेतला नाही. सलग सहावे सुवर्ण होते ते.

आता त्या काळचा गोलरक्षक म्हणजे काय, हेही थोडे समजून घेतले पाहिजे. गोलाची रुंदी बारा फूट, उंची सात फूट. चेंडू दीडशे ग्रॅमांहून अधिक वजनाचा आणि दगडासारखा टणक. आजचा गोलरक्षक हेल्मेट, छातीचे कवच आणि जाड फोमचे पॅड चढवून एखाद्या चिलखती शिलेदारासारखा उभा असतो. लक्ष्मण यांच्या वेळी पायाला पॅड आणि हातात मोजे, एवढाच सरंजाम. डोके आणि तोंड उघडेच असे. गवताच्या मैदानावर चेंडू कुठल्या ढेकळावर उसळेल याचा नेम नसे. अशा जागी पाय रोवून उभे राहायला नुसते कसब पुरत नाही.

चार वर्षांनी रोम. पुन्हा अंतिम सामना आणि पुन्हा पाकिस्तान. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये भारत एकही सामना हरला नव्हता. पहिल्या सत्रात नसीर बुंदा यांनी भारतावर गोल केला. पुढे भारताने जंग जंग पछाडले, पण तो गोल फिटला नाही. ०-१. बत्तीस वर्षांची मालिका त्या एका गोलाने तुटली, आणि तो गोल झाला तेव्हा आपल्या गोलात उभे होते शंकर लक्ष्मण.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा आणि त्या माणसाच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. दहा जण गोल करू शकले नाहीत, ही गोष्ट दहा जणांत वाटली जाते. एक जण चेंडू अडवू शकला नाही, ही मात्र एकट्याची होते. "फक्त गोलकीपर बदला" असे म्हणणारे त्या वेळी देशभर निघाले असते तर नवल नव्हते. पण निवड करणाऱ्यांनी लक्ष्मण यांना ठेवले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पुन्हा पाकिस्तानकडूनच हार झाली, तरीही ठेवले.

म्हणून १९६४ चे टोकिओ घडले. २३ ऑक्टोबर, अंतिम सामना, तोच प्रतिस्पर्धी. उत्तरार्धात मोहिंदरलाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. नंतर पाकिस्तानने हल्ल्यांमागून हल्ले चढवले आणि लक्ष्मण ते परतवत राहिले. १-०. चार वर्षांपूर्वी ज्याच्या अंगावर पराभव लिहिला गेला होता, त्याच्याच पायांनी सुवर्ण परत आणले. त्या विजयी चमूत आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते, हे इथल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवायला हवे. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने प्रथमच हॉकीचे सुवर्ण मिळवले, तेव्हा कर्णधार होते शंकर लक्ष्मण. गोलरक्षकाच्या हाती संघ सोपवण्याची तेव्हा रीतच नव्हती. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री असे मानही त्यांच्याकडे चालत आले.

पण हकिकत इथे संपत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी हॉकीच सोडली. सैन्यातून कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन ते महूला परतले. पुढची वर्षे प्रसिद्धीपासून दूर आणि ओढगस्तीत गेली. ज्या पायांनी चेंडू अडवले त्यांतल्याच एका पायाला गँगरिन झाले. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत मिळून ज्याने एकच गोल होऊ दिला, त्याच्या आजाराची वार्ता देशाला उशिरा कळली. आपण चाहते म्हणवणारे त्या काळात काय करत होतो? मी तरी क्रिकेटचे सामने पाहत होतो, हे कबूल करतो.

पुढचा इतिहास तुम्हां-आम्हांला तोंडपाठ आहे. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषक मिळाला. दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली आणि भारत सातवा आला. गवतावर खेळणाऱ्या शाळा आणि कृत्रिम मैदानावर होणाऱ्या स्पर्धा, अशी ताटातूट झाली. १९८० नंतर ऑलिंपिक पदक नाही, आणि २००८ च्या बीजिंगसाठी तर पात्रताही नाही.

तिथून संघ वर आला, तोही एका गोलरक्षकाच्या साथीने. केरळातल्या शेतकऱ्याचा मुलगा पी. आर. श्रीजेश, ज्याच्या पॅडसाठी वडिलांनी गाय विकली. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकिओत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि श्रीजेशने तो अडवला. ४१ वर्षांनी पदक आले. त्याच स्पर्धेत मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवले, त्यात गोल जितका गुरजीत कौरचा, तितकाच विजय गोलातल्या सविता पुनियाचा. २०२४ मध्ये पॅरिसला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत ब्रिटनविरुद्ध चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनिशी झुंजला. पेनल्टी शूटआउटमध्ये श्रीजेशने सामना राखला, आणि पुढे स्पेनला हरवून कांस्य मिळाले. पण याच श्रीजेशने २०१२ चे लंडनही पाहिले होते. तिथे भारत एकही सामना न जिंकता शेवटचा, बारावा आला होता. तेव्हा त्याला कायमचे घरी पाठवले असते तर?

मी त्या नववीतल्या मुलाला ऑफिसात बोलावून घेतले. घरी कन्नड बोलणारा, शाळेत मराठी शिकणारा पोरगा. मैदानावर आपल्या बचाव फळीला तो अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये ओरडून सांगतो, आणि पोरांना सगळे कळते. त्याला मी रोमची गोष्ट सांगितली. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच विचारले, "सर, त्या गोलनंतर त्यांना काढलं नाही?"

"नाही काढलं, बाळ."

"का?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. म्हणालो, "गोल का झाला, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलेलं नसतं, म्हणून."

कर्णधारालाही मी एक काम लावले. सुट्टीनंतरच्या सरावात आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाने आळीपाळीने गोलात उभे राहायचे, पहिली पाळी कर्णधाराची. त्याने तोंड वाकडे केले, पण "होय सर" म्हणाला.

आता माझ्यातल्या चाहत्याची पुढच्या हंगामाची आशा विचाराल, तर ती अशी आहे. देशाच्या संघाने पुन्हा विश्वचषक आणावा, हे तर आहेच. ते माझ्या हातात नाही. आमच्या शाळेने चषक जिंकावा, तेही पुरते माझ्या हातात नाही. पण पुढच्या वर्षी हरलोच, तर मैदानावरून परतताना पॅडची पिशवी एकट्याच्या खांद्यावर नसावी, एवढे मात्र आमच्या हातात आहे.

शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तो मुलगा शिपायाकडून खेळाच्या खोलीची किल्ली मागून घेऊन गेला. पॅड उन्हात घालायचे आहेत, म्हणाला.