गांधींचं मुंबईतलं भाषण आणि अडखळण्याचा फायदा

तोतरेपणाचे फायदे सांगणारे लेख मी जरा संशयानेच वाचतो. मी स्वतः अडखळत बोलतो आणि पीएचडीची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. त्यामुळे ‘अडचण हेच वरदान’ असं कुणी म्हटलं, की विचारावंसं वाटतं : फायदा झाला तो नेमका कशामुळे? याचं एक उत्तर आमच्या नाशिकपासून चार-पाच तासांवर, मुंबईतल्या एका सभेत सापडतं.

26 सप्टेंबर 1896. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची गाऱ्हाणी मांडायला गांधी मुंबईत आले होते. त्यांना न लिहिता बोलायचं होतं. पण इथल्या वार्तांकनाचा भरवसा नाही, भाषण लिहून रातोरात छापून घ्या, असं फिरोजशहा मेहतांनी आदल्या दिवशी बजावलं. सभेत गांधी उठले आणि थरथरू लागले. मेहता ‘मोठ्याने, अजून मोठ्याने’ म्हणत राहिले, तसतसा आवाज खालीच जात गेला. शेवटी केशवराव देशपांडे मदतीला धावले, पण लोकांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा पुकारा केला. वाच्छांनी भाषण वाचलं, सभेने ते शांतपणे ऐकलं.

गांधी तोतरे नव्हते, बुजरे होते. हा फरक महत्त्वाचा. तोतरेपणात शब्द डोक्यात तयार असतो, पण तो उच्चारण्याच्या हालचाली वेळेवर जुळत नाहीत. त्यात मेंदूच्या जडणघडणीचा आणि आनुवंशिकतेचा वाटा आहे. भीती हे त्याचं मूळ नाही, पण भीतीने तो वाढतो.

बोलण्यातल्या संकोचाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकवली, असं गांधींनी पुढे आत्मकथेत लिहिलं. आमच्याकडेही असं काही जमा होतं. अडणारा शब्द टाळायचा म्हणून चार पर्यायी शब्द पाठ होतात. मात्र स्वतःच्या नावाला पर्याय नसतो, आणि ‘मायटोकॉन्ड्रिया’लाही नसतो.

म्हणून मला त्या सभेतले मेहता महत्त्वाचे वाटतात. एकाच माणसाने दोन सूचना केल्या. ‘मोठ्याने बोला’ने आवाज गेला, ‘लिहून आणा’ने भाषण वाचलं. अडखळण्यातून काही मिळतं ते समोरच्याने वेळ आणि दुसरी वाट दिली तर. तोंडी परीक्षेत मी ‘सावकाश बोल’ हा सल्ला मागणार नाही. दहा मिनिटं जास्त आणि लेखी उत्तराची मुभा मागेन.