कवटीचे माप आणि माणसाचे कूळ

आपण मूळचे कोण आणि कोठून आलो, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, आणि पुढे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. परंतु हाच प्रश्न अधिकाराच्या आसनावरून विचारला जातो, तेव्हा त्याचे स्वरूप पालटते. १९६२ साली येथील मुख्य रब्बिनेटने बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढीपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला. तेव्हा झालेली मानहानी आणि १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये आपल्या लोकांनी धरलेले धरणे अनेक कुटुंबांच्या स्मरणात आहे. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे ठरावाने जाहीर केले आणि त्यानंतर रब्बिनेटलाही आपल्या आदेशातून आपल्या समाजाचे नाव वगळावे लागले.

त्याच शतकात विद्वानांनीही कुळाचा प्रश्न हाती घेतला होता; त्यांचे साधन मात्र वंशावळ नसून मोजपट्टी होते. हिंदुस्थानात सर हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून जातींची उच्चनीचता ताडण्याचा खटाटोप केला. उलटपक्षी, अमेरिकेत फ्रान्झ बोआस या ज्यू मानवशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये येऊन वसलेल्या सुमारे १८,००० स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मापे घेतली. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांचाही त्यांत समावेश होता. परदेशी जन्मलेल्या आईबापांच्या आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या मस्तकाच्या आकारात फरक पडतो, असे त्याने १९१०-१२ च्या सुमारास दाखवून दिले. मस्तकाचा आकार हा वंशाचा अचल शिक्का मानला जात असता, नव्या भूमीत एका पिढीतच तो बदलतो हे सिद्ध झाले. आपल्यासारख्या स्थलांतरितांनी हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या वादात एका मराठी विदुषीने बजावलेली कामगिरी आपल्या वाचकांस फारशी परिचित नसावी. ‘युगान्त’कार म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या डॉ. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. पुण्यात हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. चित्पावनांची उत्पत्तिकथाही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा देहांची आहे. आपल्या सात जोडप्यांशी तिचे साम्य कोकणातल्या माणसाला सहज जाणवेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या सूनबाई पुढे उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या.

तेथे १९२७ साली मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक प्रा. ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. युरोपियनांच्या कवटीची उजवी व डावी बाजू असमान असते, या असमानतेचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे आणि इतर वंशांत ती तितकी आढळणार नाही, अशा स्वरूपाचे अनुमान पडताळून पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. वसाहतींच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या कवट्याही त्यांत होत्या. निष्कर्ष असा निघाला की, असमानता सर्वच मानवसमूहांत आढळते आणि वंशाशी तिचा संबंध लागत नाही. गुरूच्या अपेक्षेच्या विरुद्ध गेलेला हा निष्कर्ष, परक्या देशात एकट्या असलेल्या या तरुण विद्यार्थिनीने, आहे तसा प्रबंधात मांडला.

पुढे त्या संस्थेचे काय झाले, हे आपण ज्यू असल्यामुळे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कोण ज्यू आणि कोण आर्य याविषयी दाखले देण्याचे काम संस्थेतील विद्वान करू लागले. १९३७ साली ऱ्हाइनलंडमधील मिश्र संततीच्या मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले, त्यातही फिशर यांचा हात होता. १९४२ पासून संस्थेचे प्रमुख असलेले फॉन फेर्शुअर यांचाच शिष्य योझेफ मेंगेले; त्याने आउश्विट्झमधील बळींचे अवयव याच संस्थेकडे परीक्षणासाठी धाडले. ज्या प्रयोगशाळेत एका मराठी मुलीने वंशश्रेष्ठत्वाचे अनुमान फोल ठरवले, तीच दहापंधरा वर्षांत आपल्या बांधवांच्या संहाराची सहकारी बनली. मोजमापाची उपकरणे तिच्यात कमी नव्हती. संचालकाच्या मताला हरकत घेणारा कोणी तेथे उरला नव्हता.

इरावतीबाई मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी, १९३९ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. पुण्यात राहिलेल्या वाचकांना येरवड्याच्या बाजूची ती दगडी वास्तू आठवत असेल. १९३४ साली सरकारने बंद केलेले हे महाविद्यालय १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले होते. (१९९० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.) येथे भाषाशास्त्राला डॉ. सु. मं. कत्रे, पुरातत्त्वाला डॉ. हसमुख सांकलिया आणि समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावतीबाई, अशी भिन्न विषयांची मंडळी एकाच आवारात नांदत होती. या शेजाराचे फळ लवकरच दिसू लागले.

गुजरातेत लांघणज येथे सांकलियांनी उत्खनन केले, तेथे सूक्ष्म अश्मास्त्रांबरोबर प्राचीन मानवी सांगाडे मिळाले. जमिनीचे थर व हत्यारे सांकलियांनी वाचली, हाडे इरावतीबाईंनी अभ्यासली, आणि १९४९ साली दोघांच्या नावाने त्याविषयीचा लेख अमेरिकेतील मानवशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा मोठा ग्रंथ १९५१ साली निघाला, तेव्हा त्यांचे सहलेखक होते गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. दोन गटांच्या सरासरीत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्यासाठी संख्याशास्त्रज्ञाची दृष्टी आवश्यक होती. पुढे १९६८ साली आपले शिष्य कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच ‘ब्राह्मण’ नावाखाली येणारे हे गट शरीरलक्षणांत परस्परांहून भिन्न आढळले. तेव्हा एका मूळ जातीचे तुकडे पडून ते झाले असतील, ही समजूत टिकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. यांत त्या आपले गुरू घुर्ये यांच्या मताविरुद्ध गेल्या होत्या.

इरावतीबाईंचे सर्वच विचार आज ग्राह्य मानले जातात असे नाही. ज्या मापनपद्धतीतून वंशवाद फोफावला, तीच त्यांनी आयुष्यभर वापरली. जातीकडे जैविक गट म्हणून पाहण्याची त्यांची रीतही पुढील अभ्यासकांनी सदोष ठरवली आहे. ही टीका रास्त आहे. तथापि आपले अनुमान दुसऱ्या शास्त्राच्या जाणकारापुढे ठेवायचे आणि आकडा विरुद्ध गेला तर तो लपवायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता बर्लिनपासून १९७० साली त्यांचे निधन होईपर्यंत कायम राहिला.

आता आपल्या घरचा प्रश्न. कवटीची जागा आज रक्ताने व लाळेने घेतली आहे. २०१० साली ‘नेचर’ नियतकालिकातील ज्यू समाजांच्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएल हे शेजारच्या भारतीय लोकांच्या जवळचे दिसले. त्यावरून काहींनी नाके मुरडली. २०१६ साली कॉर्नेल, तेल अवीव व अन्य विद्यापीठांतील संशोधकांनी एकत्र येऊन अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांचा अधिक खोल अभ्यास केला. त्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे स्पष्ट आढळले. हा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे. त्यावरून काहींनी पेढे वाटले. आम्हां शिक्षकांना प्रशिक्षणातच शिकवले जाते की, गुणपत्रिका विद्यार्थ्याने त्या दिवशी त्या प्रश्नांना दिलेली उत्तरे मोजते. तिच्यावरून मुलाची किंमत ठरवू नये. जनुकांच्या तक्त्याचेही तसेच आहे. पूर्वज कोणकोणत्या प्रदेशांतून आले असावेत, एवढे तो सांगू शकतो. शेमा कोणी विसरला नाही, आठव्या दिवशीची सुंता कोणी चुकवली नाही, मलिदा करून एलिया हन्नाबीचे स्मरण कोणी केले, हे त्यात उमटत नाही. आपल्याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळून आपणही कधी काळी रिस्लेची मोजपट्टी हाती धरली होती, याचेही विस्मरण होऊ नये.

यास्तव संशोधकांना दारातून परत पाठवावे, असे मुळीच नाही. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी कोणी बाहेरचा येऊन आपल्याला मोजील याची वाट न पाहता आपल्या समाजाचा इतिहास स्वतः लिहिला. १८९७ च्या सुमारास तयार झालेले ते लिखाण १९३७ साली तेल अवीवमध्ये ग्रंथरूपाने छापले गेले. आजही बेने इस्राएलांचा अभ्यासक त्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. विद्यापीठाचा माणूस नमुना मागण्यास आला तर त्यास नमुना जरूर द्यावा. पण त्याबरोबर जुना केतुबा, गावावरून पडलेल्या ‘कर’ आडनावाची हकीकत आणि आजीने सांगितलेली गोष्टही द्यावी, आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी आम्हांस दाखवावा, असे नम्रपणे सांगावे. लांघणजच्या हाडांना जशी थर वाचणाऱ्याची साक्ष लागली, तशी आपल्या जनुकांना आपली साक्ष लागेल. ती देणारी वडीलधारी मंडळी थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून वही-पेन्सिल घेऊन लिहावयास मात्र उशीर करू नये.