बाळ-बाळंतीण सुखरूप

पूर्वी माहेरहून तार येई : "बाळ-बाळंतीण सुखरूप." मग पेढे वाटले जात, बाराव्या दिवशी पाळणा हले आणि घरादाराचे लक्ष बाळाकडे लागे. बाळंतीण वाचली म्हणजे सुखरूप, एवढाच त्या तारेचा अर्थ. परंतु देह सुटला तरी मन त्या रात्रीतच अडकून पडू शकते, ही गोष्ट शास्त्राच्या गळी उतरायला फार काळ लागला. त्या विलंबाची, आणि त्यातून निघालेल्या वाटेची ही हकीकत आहे.

आरंभ इंग्लंडातल्या लिन नावाच्या बंदरापासून करू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मार्जरी केंप नावाची बाई राहत होती. बाप गावचा महापौर, घर खातेपिते. विसाव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले आणि लवकरच दिवस राहिले. गरोदरपण दुखण्यात गेले आणि बाळंतपण तर असे कठीण गेले की, आता आपण वाचत नाही असे तिला वाटले. मनात एक जुने पाप डाचत होते. ते एकदाचे सांगून टाकावे म्हणून तिने धर्मोपदेशकाला बोलावले. पण तिचे बोलणे पुरते व्हायच्या आधीच त्याने तिला दटावले. बाईचे तोंड मिटले आणि ती भ्रमिष्ट झाली.

अर्धे वर्ष, आठ आठवडे आणि वर काही दिवस, हा हिशेब तिनेच दिला आहे. डोळ्यांपुढे आग ओकणारी भुते दिसत. आपल्याच हाताचा तिने असा चावा घेतला की वण जन्मभर राहिला. अखेर तिला रात्रंदिवस बांधून ठेवावे लागले. मग एके दिवशी, राखणदार जवळ नसताना, ख्रिस्त बिछान्याच्या कडेला येऊन बसला आणि प्रेमाने बोलला, असे तिला दिसले. ती शुद्धीवर आली. आणि तिने पहिल्याप्रथम काय मागावे? कोठीच्या किल्ल्या! दासी म्हणाल्या, "देऊ नका, सगळे वाटून टाकील." नवऱ्याने मात्र दिल्या. किल्ल्या हाती येणे म्हणजे काय, हे मराठी गृहिणीला समजावून सांगायला नको.

पुढे तिला एकूण चौदा मुले झाली. उतारवयात तिने ही सारी कथा लेखनिकाकडून लिहवून घेतली. ती पोथी कित्येक शतके कोणाच्या गावी नव्हती. 1934 साली एका इंग्रज घराण्याच्या संग्रहातील हस्तलिखिताची ओळख पटली आणि इंग्रजीतले पहिले आत्मचरित्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सहाशे वर्षांपलीकडच्या बाईचे निदान आज करणे धाडसाचेच. पण तिच्या कथेत दोन माणसे स्पष्ट दिसतात : एक ऐकून न घेणारा आणि दुसरा शेजारी बसून बोलणारा. आजारपण पहिल्यापाशी सुरू झाले, आणि दुसऱ्यापाशी संपले.

वैद्यकाने या दुखण्याकडे नेटाने पाहिले ते पुष्कळ पुढे. 1858 साली पॅरिसचे डॉक्टर लुई-व्हिक्टर मार्से यांनी गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. दुखण्याला ग्रंथ मिळाला, तरी बाईला मिळाले ते वेड्यांचे इस्पितळ, आणि मूल राहिले घरी. 1948 साली लंडनजवळच्या कॅसल इस्पितळात टॉमस मेन यांनी ही रीत मोडली. मुलाला सोडून यायला तयार नसलेल्या एका आईला त्यांनी मुलासकट दाखल करून घेतले. आपल्याकडे बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेत आई आणि तान्हे मूल यांच्यासाठी असा एकत्र विभाग 2009 साली सुरू झाला.

तरीही एक दुखणे बाहेरच उभे होते. बाई वेडी नसते, कामही करत असते. पण त्या रात्रीचे दृश्य दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे येते, झोपेतून दचकून जाग येते, इस्पितळाचा रस्ताही नकोसा होतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकांत हीच लक्षणे दिसत. 1980 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या विकाराला आपल्या यादीत जागा दिली. अट अशी की, घडलेला प्रसंग नेहमीच्या अनुभवापलीकडचा हवा. आता प्रसूती तर घरोघरची! ती नेहमीच्या अनुभवापलीकडची कशी ठरावी? 1994 साली अट बदलली. जीव जाण्याची वेळ आली होती काय आणि बाई भयाने, असहायतेने गोठली होती काय, हे पाहायचे ठरले; आणि बाळंतिणीला दार उघडले.

उपचार तरी कसा? जाणत्या माणसासमोर, आपल्या चालीने, घडले ते क्रमाने सांगायचे. 'माझ्याच चुकीने झाले' ही मनात रुतलेली समजूत पुन्हा पुन्हा तपासून पाहायची. टाळलेल्या जागांकडे हळूहळू परतायचे. आठवण पुसायची नसते. वहीतून सुटलेले पान आपल्या जागी लावावे, तशी ती भूतकाळात लावायची असते. मात्र घाई उपयोगाची नाही. एकाच बैठकीत सारा प्रसंग पुन्हा जगायला लावू नये, असे ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनी 2014 साली स्पष्टच सांगितले.

बाळंतपणानंतरची खिन्नता हा निराळा विकार. पण तेथेही ऐकून घेण्याचे मोल मोजले गेले आहे. एडिंबरो येथे घरोघर जाणाऱ्या परिचारिकांनी आठवड्यातून अर्धा तास, अशा आठ भेटींत खिन्न मातांचे फक्त नीट ऐकून घेतले. 1989 साली निष्कर्ष छापून आला : अशा 26 जणींपैकी 18 बऱ्या झाल्या. ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत, त्या 24 पैकी केवळ 9. पुढे पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत गावच्याच आरोग्यसेविकांना शिकवून हे काम दिले गेले. गरोदरपणीच खिन्नतेने घेरलेल्या 903 स्त्रिया त्या प्रयोगात होत्या. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा शिकवलेल्या सेविका ज्यांच्याकडे जात त्यांतल्या शेकडा 23 अजून खिन्न होत्या, इतरांत शेकडा 53. हा वृत्तान्त 2008 सालचा. मोठे इस्पितळ नाही, महागडे औषध नाही. शिकलेला कान आणि ठरलेली वेळ, बस्स.

आपल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेले. त्या पोरीने पुढे सातासमुद्रापार जाऊन 1886 साली फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी मिळवली, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. दुःखाचे असे सोने करणे एखादीलाच साधते. बाकीच्या असंख्य जणींनी ते शेगडीच्या धुरात डोळे पुसत गिळले.

आपली बाळंतिणीची खोली, शेक, डिंकाचे लाडू, माहेरची माया, ही सारी व्यवस्था देहासाठी किती विचारपूर्वक केलेली! तिच्यात एका गोष्टीची भर घालता येईल. या दिवाळीत कोणाच्या घरी तान्हे बाळ असेल, तर त्याचे कौतुक झाल्यावर त्याच्या आईजवळ घटकाभर बसावे. "तुझे कसे आहे?" एवढेच विचारावे. तिला सांगावेसे वाटले तर तिने सांगावे, नाही तर नाही. पण सांगू लागलीच तर तिला मध्ये तोडू नये. दुखणे आपल्या आवाक्यापलीकडचे दिसले तर डॉक्टरांकडे तिच्यासोबत जावे. सहाशे वर्षांपूर्वी लिनच्या त्या खोलीत एवढेच हवे होते.